आम्ही लपवलेला आजार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. "अण्णा पाटात पडल्यात, लौकर या," एवढंच म्हणाली. हिंडलग्याहून आमच्या गावाला रिक्षाने अर्धा तास. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भाजीला पाणी पाजताना फिट आली आणि अण्णा पालथे पडले. पाटात पाणी ते किती, घोट्याएवढं... माझा सख्खा थोरला भाऊ घोट्याएवढ्या पाण्यात गेला, आणि दारात जमलेल्या माणसांना आम्ही सांगत होतो, आटॅक आला. मीच सांगत होते, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. त्याला आता सहा आठवडे झाले, पण माझा राग काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

अण्णा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत वाळूचे साचे भरायचे. संध्याकाळी आले की चहासुद्धा न घेता मळ्यात. आमच्या घरात अंडं शिजत नाही, याचा त्यांना भारी अभिमान. मुळा उपटायचा, पँटीला पुसायचा आणि उभ्या उभ्या खायचा. धुवा म्हटलं की म्हणायचे, "आपल्या रानातली माती हाय गं, इख न्हाय." त्या रानाला पाणी ओढ्याचं, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला आजही निम्मं गाव सकाळी डबा घेऊन परसाकडेला जातं. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. कुणी बोलायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी कामावरच त्यांचा डावा हात झटके देऊ लागला, तोंड वाकडं झालं, शुद्ध गेली. सोबतच्यांनी ओढून बाजूला घेतलं म्हणून भट्टीपासून वाचले. बेळगावात डोक्याचं स्कॅन केलं. डॉक्टर भले गृहस्थ होते, कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूत पट्टकृमीची अळी बसली आहे, तिच्याभोवती सूज आहे, त्यामुळे फिट येते. कृमीचं औषध, सुजेचं औषध आणि फिटची गोळी. पहिली दोन थोडे दिवस, पण फिटची गोळी डॉक्टर सांगेपर्यंत एक दिवसही चुकवायची नाही.

"हा किडा येतोय कुठनं?" अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, मूळ डुकराच्या मांसात. झालं. पुढचं अण्णांनी ऐकलंच नाही. कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात तो कृमी वाढतो, त्याची अंडी शौचावाटे पाण्यात, भाजीवर जातात, आणि जन्मात मांस न खाल्लेल्या माणसाच्याही डोक्यात पोचतात, हे डॉक्टर दोनदा सांगत होते. मी परत येताना तिसऱ्यांदा सांगितलं. "म्हंजे मी चोरून डुक्कर खाल्लं, असंच लोक म्हणणार न्हवं?" एवढंच ते बोलले. घरी येऊन फाईल तांदळाच्या डब्यामागे टाकली. वहिनीला सांगितलं, चक्कर हाय.

तरी दीड वर्ष गोळ्या घेतल्या. फिट एकदाही आली नाही. मोटरसायकल सोडून बसने कामावर जायचे, मुळासुद्धा धुऊन खायला लागले. मग आमच्या पल्लवीला, त्यांच्या मुलीला, कोगनोळीचं स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, माणसं चांगली. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी अण्णा गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्यापुढे उभे. "ह्याचं काय करू गं?" मी म्हटलं, "पाहुणे जाईपर्यंत ठेवा की डोळ्याआड." डोळ्याआड म्हणजे कपाटात, असं माझ्या मनात होतं. पण पाहुणे एकदा येऊन थोडेच थांबतात... आज मामा, उद्या मावशी. अण्णांनी गोळीच बंद केली, आणि विचारलं की "घेतली की" म्हणायचे. ते गेल्यावर फाईलपाशी भरलेली पाकिटं सापडली तेव्हा हे कळलं, आणि तेव्हाच मी वहिनीला नि पल्लवीला सगळं सांगितलं. बरं वाटतंय तर कशाला, असाही एक हिशेब असेलच. त्यांच्यावर चिडू की माझ्यावर, तेच मला कळत नाही.

परवा कोगनोळीची माणसं भेटायला आली. मुलाची आई, मामा. अंगणात सतरंजीवर बसली. नेमकं काय झालं, म्हणून त्या बाईंनी विचारलं. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आटॅक." मी मान हलवली. चहा घेऊन आलेली पल्लवी तिथेच थांबली.

"आटॅक न्हाय," ती म्हणाली. "बाबांना फिट यायची. डोक्यात किडा झालता. तुम्हांस्नी कळू नये म्हणून गोळी बंद केली त्यांनी."

वहिनीने मान खाली घातली. मला वाटलं, मोडलं लग्न.

बाईंनी पल्लवीच्या हातातला चहा घेऊन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या धाकट्या जावंला त्योच किडा झालता. तीन वरसं गोळ्या खाल्ल्या तिनं. आता बरी हाय, रानात तण काढाय, भांगलायला जाती." आणि माझ्याकडे वळून, "एवढंच हुतं, तर सांगायचं न्हाय व्हय, बाई?"