वाळूच्या पेटीतली बाई

“माझी वाळू कोणी नेली?”

ही आरोळी माझीच. जिन्याच्या वरच्या पायरीवरून ती ठोकली तेव्हा जुनी इंदूरच्या आमच्या गल्लीतल्या ई-रिक्षांचे भोंगे बंद पडले, समोरच्या किराणा दुकानातल्या तराजूचा काटा मध्येच अडकला, आणि तिकडे सियागंजात हिंगाच्या पोत्यावर आडवा झालेला एक हमाल दचकून उठून बसला, असं म्हणतात. राग शांतपणे कसा बाहेर काढावा हे लोकांना शिकवून मी पोट भरते. त्या क्षणी कोणी मला याची आठवण करून दिली असती तर त्याला मी जिन्यावरून खाली ढकललं असतं.

खालून घरमालकीण काकूंचा आवाज आला. “खामखा काय ओरडते? मी नेली. देवाच्या कामासाठी नेली.”

मी खोलीत जाऊन पुन्हा पेटीत पाहिलं. ही लाकडी पेटी म्हणजे चांगली पाटाएवढी, तळ निळा रंगवलेला, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं. आता सगळंच पाणी दिसत होतं. पेटीत मांडलेलं घर गेलं होतं, कुंपण गेलं होतं, दार गेलं होतं. आणि त्या घराखाली जे पुरलं होतं तेही गेलं होतं. ज्यांनी ते पुरलं ते आजोबा तासाभरात येणार होते.

इथे थोडं सांगायला हवं, कारण माझा धंदा काय हे अर्ध्या इंदूरला अजून कळलेलं नाही. दारावर ‘प्ले थेरपी’ लिहिलंय. ते वाचून लोक खेळणी घ्यायला वर चढतात. एका बाईनं माझ्या डायनासोरचा भाव करता करता, “दीदी, दो ले लूं तो कितना?” इथपर्यंत मजल मारली होती. मतलब, मी खेळायला देते, विकत नाही. तोंडानं जे सांगता येत नाही ते हातानं बाहेर येतं, एवढंच माझं शास्त्र. रंग, माती, बाहुल्या, ढोलकी, वाळू. गिऱ्हाईक चार वर्षांचंही असतं आणि ऐंशीचंही. बँकेतल्या एका मोठ्या साहेबानं हातात मगरीची बाहुली घालून त्याच्या वरच्या साहेबाला अशा शिव्या दिल्या की मगरीच्या कापडाचा रंग उडाला. तो माणूस घरी जाऊन अख्खा रविवार झोपला, सोमवारी त्याच्या बायकोनं मला मिठाईचा डबा पाठवला. एका पणजीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरला आणि कागद संपल्यावर भिंत, भिंत संपल्यावर माझी ओढणी रंगवली.

आजोबा मात्र या सगळ्यांहून अवघड. होळकर दरबारात कारभार पाहणाऱ्या घराण्यातले, पाठ अशी ताठ की खुर्चीलाच त्यांना टेकायची भीती वाटावी. बायको गेली त्या दिवसापासून ते बोलले नव्हते. घसा ठीक, मेंदू ठीक, डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. रडलेही नव्हते. पाणी हवं तर भांडं पुढे करायचे, नको असेल तर हात आडवा. त्यांची मुलगी, शाळेत शिकवणारी, त्यांना माझ्याकडे घेऊन आली तेव्हा माझी खेळणी पाहून त्यांनी असा चेहरा केला की माझी बाहुल्यांची फळी शरमेनं वाकली.

पहिल्या वेळी ते नुसते बसले. पुढच्या वेळी गणपती जवळ आल्यामुळे शाडू माती मुबलक होती, तिचा गोळा मी त्यांच्या समोर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. वळून पाहिलं तर वीतभर बाई तयार. भलामोठा अंबाडा, एक खांदा जरा वर, कंबरेवर हात. काहीतरी चुकलंय आणि ते आता ऐकून घ्यावं लागणार, अशी उभी होती ती. कोण ते मी विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं. ती वाळली तेव्हा त्यांनी वाळूच्या पेटीत घर मांडलं, अंगण सारवल्यासारखं थापटलं, आणि तिला कुठे उभी करतील म्हणून मी बघत बसले, तर त्यांनी घराखाली खड्डा केला आणि तिला त्यात आडवी ठेवून, हळूहळू, बोटांनी वाळू लोटून झाकलं. मग माझ्याकडे बघून हात आडवा केला. नको. म्हणजे मोडू नका.

एरवी माणूस गेला की मी पेटीचा फोटो काढते आणि पुढच्यासाठी वाळू सपाट करते. त्यांच्यासाठी नियम मोडला. छोट्या पोरांना दोन आठवडे पेटीला हात लावू दिला नाही, त्यावरून एकीनं माझा पाय चावला. “तुम्ही येईपर्यंत याला कोणी शिवणार नाही,” असं मी त्यांना कबूल केलं होतं. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. खोलीतलं खोलीतच राहतं. तिनं मात्र बजावलं होतं की आजचा एक दिवस बघू, काही फरक नाही दिसला तर बाबांना पुण्याला भावाकडे नेऊन ठेवायचं आणि हे सगळं बंद करायचं.

आणि आज हरतालिका.

मी जिन्यावरून खाली धडधडत गेले. काकूंच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका जमल्या होत्या, पाण्याचा थेंबही न घेतलेल्या, त्यामुळे कोणाशीही भांडायला तयार. मध्ये चौरंग, चौरंगावर केळीचे खांब, आणि त्यात माझ्या वाळूची देखणी पिंड.

काकूंचं म्हणणं अगदी मुद्देसूद होतं. शहरभर बांधकामं, वाळूचे ढीग पडलेत, पण त्यात कुत्री लोळतात. नदीवर जायची सोय नाही. आणि वरच्या खोलीत एकदम साफ-सुथरी वाळू, चपला बाहेर काढून आत जाणाऱ्या माणसांची, नुसती पडलेली. पाण्याची मोटर बघायला वरची किल्ली काकूंकडेच असते. मग न्यायला काय हरकत? लाकडी घर आणि कुंपण त्यांनी धुऊन खिडकीत वाळत ठेवलं होतं, तेवढ्यासाठी मी कृतज्ञ असावं अशी अपेक्षा होती.

“आणि वाळूत एक बाई होती,” मी म्हटलं. माझा आवाज एव्हाना उंदराएवढा झाला होता.

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी माझा दंड धरला. “अगं, तेच तर सांगते. बाजारातून पार्वती आणि सखीची जोडी आणली, सखी पिशवीतच मोडली. पूजा अडली. म्हटलं आता काय करू, आणि वाळू काढायला हात घातला तर हाताला देवीच लागली. सच्ची. काटा आला अंगावर.”

मी चौरंगाकडे पाहिलं. पिंडीच्या एका बाजूला बाजारातली गुळगुळीत पार्वती. दुसऱ्या बाजूला अंबाडा, वर उचललेला खांदा, कंबरेवर हात. तिला हळदकुंकू लागलं होतं, गळ्यात कापसाचं वस्त्र, पायाशी सोळा तऱ्हेच्या पत्री. समोर बसलेल्या सगळ्या बायकांकडे ती अशी बघत होती की यांच्यातल्या एकीलाही चादरीची घडी नीट घालता येत नाही.

मी तिला उचलायला वाकले.

तेवढ्यात दारात आजोबा आणि त्यांची मुलगी. वरचा जिना काकूंच्या दारातूनच जातो, आणि ते वेळेच्या आधी येणारे. मी पुढे होऊन जिन्याकडे हात करत काहीतरी बरळले, आधी वर चला, मी सांगते, चूक झालीय. पण मुलगी माझ्या खांद्यावरून आत बघत होती. तिनं पर्स खाली ठेवली. ठेवली कसली, सुटली.

“ही आई आहे,” ती म्हणाली.

आरती म्हणायला घेतलेली एक बाई मध्येच थांबली. मुलगी एकदा चौरंगाकडे, एकदा वडिलांकडे बघत होती. “बाबा, ही आई आहे. ही तुम्ही केली? केव्हा केली?”

आजोबांनी चपला काढल्या. हरतालिकेच्या पूजेत, बायकांनी गच्च भरलेल्या खोलीत, हा ताठ पाठीचा माणूस सरळ आत गेला. बायकांनी आपसूक वाट दिली, पदर आवरले. ते चौरंगापुढे थांबले. दोन आठवड्यांपूर्वी आपल्या हातानं वाळू सारून ज्या बाईला झाकलं, ती फुलापानांत, भर दिवसा, कंबरेवर हात ठेवून उभी होती. मला वाटलं हा माणूस आता कोसळणार. मुलीलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं मागून त्यांचा सदरा धरून ठेवला होता. मी मनातल्या मनात माझी पाटी उतरवली, खेळणी विकली, आणि त्या डायनासोरवाल्या बाईला शोधायला निघाले.

मी काकूंच्या कानाशी लागून दोन वाक्यांत सांगितलं, कोण ते, आणि कोणाची. काकूंचा उपासाचा चेहरा आणखी पांढरा पडला. पण त्या इंदूरच्या, गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. उठल्या, पदर डोक्यावरून घेतला, आजोबांपुढे हात जोडले.

“भाऊसाहेब, मला माहीत नव्हतं हो. पण असं बघा, केवढं भाग्य त्यांचं. सवाष्ण गेल्या, आणि आज हरतालिकेला सखी होऊन बसल्या. किती श्रद्धेनं केलं असेल त्यांनी हे व्रत. निर्जळी, जन्मभर. त्याशिवाय असं घडतं का?”

खोलीतल्या बायकांनी माना डोलावल्या. दोघींनी डोळे पुसले. एकीनं तर मातीच्या मूर्तीला नमस्कारही घातला.

आजोबांनी वाकून मूर्तीच्या कपाळावरचं जास्तीचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. मग काकूंकडे वळले. घशातून आधी नुसता खरखराट आला, जुनं कपाट उघडावं तसा.

“ती हा उपास करत नसे,” ते म्हणाले. “पित्त व्हायचं तिला.”