पोरीसाठी खोली बघायला: आधी दौंड, मग शिरूर

पेपरातले गुन्हे मोजून पोरीचं शिक्षण ठरवायचं असतं होय? माझ्या मंगलचा नर्सिंगला दौंड आणि शिरूर दोन्हीकडं नंबर लागला, तर माझे थोरले दीर, आप्पा, पेपर उघडून बसले. "शिरूरला चोऱ्या लई. दौंडात मी सांगतो त्या गल्लीत खोली घ्या, तिथं एक गुन्हा न्हाई. न्हाईतर पोरगी घरी." नवरा म्हणाला, आप्पा म्हणतील तसं. म्हणलं, मीच जाऊन बघते.

पहिल्या दिवशी दौंड. आमच्या न्हावऱ्याहून सकाळची एसटी धरून चौफुला, तिथून दुसरी गाडी. पारगावच्या पुलावर खिडकीशी बसा, भीमा झकास दिसते.

गल्ली एकदम स्वच्छ. खोलीत नळ, मोठी खिडकी. घरमालक म्हणाले, "ताई, पोलिसानं कवा हितं पाऊल न्हाई टाकलं." खोटं कशाला सांगू, मला खोली आवडली. खाली उतरले तर एक बाई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन कोपऱ्यापर्यंत आली आणि लांबच्या रस्त्यानं वळली. मी मागं पळाले.

"ओ बाई, गल्ली सरळ जाती की!"

"फुडं पडक्या गोदामापाशी टवाळ बसत्यात. आमी बायका न्हाई जात तिकडनं."

"मग तक्रार करायची."

"कशाची? जातच न्हाई तर कोन काय करनार आमाला?"

परतीच्या गाडीत सासरे आठवले. मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा मुक्कामाला कुणी माळ दाखवला, "हितं लांडग्यानं एक मेंढरू नेलं न्हाई" म्हणलं, की ते विचारायचे, "आधी सांग, हितं मेंढरं कुनी बसवतं का?" आप्पा त्यांचेच लेक. पेपर वाचताना बापाचं बोलणं कुठं गेलं?

दुसऱ्या दिवशी शिरूर. स्टँडवरच पाटी, चोरांपासून सावध. पिशवी काखेत घट्ट धरली. पंधरा रुपयांची मिसळ खाल्ली, तिखट आहे, पाणी आधी मागून ठेवा. मग बाजारात रशीदाभाभींच्या बांगड्यांच्या दुकानापाशी टेकले. दुकानामागच्या घरातली खोली बघायची होती.

"भाभी, चोऱ्या लई व्हत्यात म्हनं?"

"व्हत्यात ना. माझा बटवा दोनदा मारला."

"भ्या न्हाई वाटत?"

"बटवा गेला, मी थोडीच गेले? बसले की हितंच!"

बोलतोय तोवर एका माणसानं कॉलेजच्या पोरीला मुद्दाम धक्का दिला. भाभी ओरडल्या, "ए, थांब रं!" फुलवाली उठली, चहावाला आडवा आला, कापडवाल्यानं कॉलर धरली. पोरगी रडायची थांबून म्हणाली, "मी लिहून देते." सगळी वरात चौकीवर. मीही गेले. हवालदारानं नोंद केली, पोरीनं सही केली.

म्हणजे शिरूरचा एक गुन्हा वाढला, आणि तो वाढताना मी तिथं उभी होते.

खोली बारकी आहे. संडास तिघींत एक. बाजाराचा कालवा दिवसभर कानावर. पण दिवेलागणीला त्या रस्त्यावर बायकाच बायका होत्या, एकट्या, रमतगमत चाललेल्या. खोली बघायला जाल तर मालकाला काही विचारू नका. कोपऱ्यावर तासभर उभ्या राहा आणि बायका कुठून जातात ते बघा.

घरी आले तर आप्पांनी पेपरच पुढं केला. म्हणून हे वहीत लिहिलं, मंगलनं टाइप करून नेटवर टाकलं, त्यांचा लेक त्यांना वाचून दाखवील. आप्पा, तुम्ही सांगितलेल्या गल्लीतनं तुमची सून सांजच्याला एकटी जाईल का? तिला विचारा आणि मला सांगा. शिरूरचा प्रवेश घ्यायला शुक्रवार शेवटचा आहे. गुरुवारी दिवस मावळायच्या आत हो का नाही ते कळवा. नाही म्हणलात तर कारण पेपरातलं नको, त्या गल्लीतनं चालून आणलेलं पाहिजे.