वाकळीतले काळे चौकोन

नळदुर्गात आमच्या शेजारच्या भाभी वाकळ शिवतात. दूर कुठं बाईवर अत्याचार झाला की त्या मोबाईलवर काळं स्टेटस ठेवतात आणि वाकळीला एक काळा चौकोन जोडतात. टाके एकसारखे पडतात, पण पाय सारखा हलत असतो. "भाऊ, वाकळीचा फोटो टाकला की बघून लोक वा वा करतात. पण माझं नुसतं बोटच हललं की," म्हणतात.

परवा समोरच्या घरात नवरा बायकोला मारू लागला. मी दारात घुटमळलो. भाभींनी वाटी घेऊन जाऊन त्या घराची कडी वाजवली. आवाज थांबला. परतल्या त्या चेहरा पाडून. "लई बोलायचं ठरवलं होतं, अन् साखर मागून आले बघा."

तेवढ्यात पुन्हा किंकाळी आली. वाटी रिकामी करून त्या उठल्या.

"आता मीठ मागते. तुम्ही बी चला."