राखेनं घासलेला आरसा

छबूबाईच्या हाती काळं भांडं पडलं आणि ते काळंच राहिलं, असं महाळुंग्यात आजवर झालेलं नाही. कुणाच्या घरी लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी छबूबाईला सांगावा. पातेल्याच्या बुडात तोंड बघून कुंकू लावावं, अशी तिची घासणी. साधन म्हणाल तर न्हाणीतल्या चुलीची राख, तीही वस्त्रगाळ. दुकानातल्या पावडरीला ती "नुसता फेस आन वास" म्हणते. या हाताचा तिला मोठा अभिमान, आणि त्याच हातानं तिचा घात केला.

तिचा नवरा दत्तोबा. शेत कंपन्यांच्या पट्ट्यात गेलं, शेतावर कारखाना उभा राहिला, त्या कारखान्यात दत्तोबा फिटर म्हणून लागला आणि तिथंच म्हातारा होऊन बाहेर पडला. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. छबूबाई म्हणायची, "एखादं व्यसन असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं." कारण दत्तोबाला नाद जुन्या दुर्बिणींचा. आभाळ बघायच्या. कुणा हौशी माणसानं तरुणपणी घेतलेल्या नाहीतर घरीच बनवलेल्या, मग संसार वाढला तशा माळ्यावर गेलेल्या, भिंगाला बुरशी आणि नळीत झुरळं. मालक गेला की पोरं त्या भंगारात काढतात. विक्की भंगारवाल्याला त्यानं सांगून ठेवलेलं, असलं काही आलं की मोडू नको, मला फोन कर. पहिली दुर्बीण विक्कीनंच दिली, तीही शिमग्याची जुनी पितळी पिचकारी समजून.

मग पडवीत पोतं अंथरायचं आणि बसायचं. गंजलेल्या स्क्रूवर तेलाचा थेंब टाकून दिवसभर वाट बघायची, जोर करायचा नाही. तुटलेल्या पायाला सायकलचा नट, हरवलेल्या टोपणाला घरातल्या डब्याचं झाकण. डब्याचं झाकण नाहीसं झालं की छबूबाई आता शोधतसुद्धा नाही.

शेजारचे अर्जुनराव येता-जाता टोमणा मारायचे, "काय राव दत्तोबा, वर प्लॉट बघताय व्हय? का तिथंबी कंपनी येनार हाय?"

"आली तर पयलं तुझंच शेत जाईल," दत्तोबा मान वर न करता म्हणायचा.

चाकणच्या आभाळात बघण्यासारखं उरलंय तरी काय? शेडचे दिवे, कंटेनरची धूळ. तरी नळी नीट झाली की हा माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून आणायचा आणि शनीची सगळी कुळकथा सांगायचा. घरच्या बाईला मात्र एवढंच सांगायचा, "पेटीला हात लावू नगंस." हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत इतक्या पेट्यांबद्दल ऐकलं होतं, की ते कानावर पडायचंच बंद झालं होतं.

गेल्या पावसाळ्यात विक्कीचा फोन आला. चिंचवडला एक जुनी इमारत पाडणार होते, तिथल्या एका बाईंकडे मोठी दुर्बीण होती. दत्तोबा गेला. बाईंचं नाव अरुंधतीबाई. नवरा, अवधूतराव, पिंपरीच्या एका कंपनीत नकाशे काढायला होता, आता हयात नाही. घर रिकामं करून त्या मुलाकडे, सलिलकडे, बंगळूरला कायमच्या निघाल्या होत्या.

ही दुर्बीण भिंगाची नव्हती, आरशाची होती. नळीच्या तळाशी ताटाएवढा जाड काचेचा आरसा. शेपटीचा तारा आला होता त्या साली अवधूतरावांनी तो घरातच घासला होता. पिंपावर एक काच ठेवायची, वर दुसरी, मध्ये दगडाची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं, महिनोन्‌महिने. काचेला हवी तशी खोली आली की तिच्यावर चांदीसारखी कलई चढवून आणायची. कलई होऊन आरसा घरी आला त्या दिवशी अवधूतरावांनी आनंदाच्या भरात तो हातानंच उचलला आणि कडेला त्यांचा अंगठा उमटला. पुसायला जावं तर कलई जाते. माणूस दिवसभर जेवला नाही.

"मी हसले होते त्यांना," अरुंधतीबाई दत्तोबाला म्हणाल्या. "म्हटलं, राहू द्या. चित्रकार कोपऱ्यात सही करतात ना, तशी ही सही समजा."

मग त्यांनी सांगितलं, की दुर्बीण नीट करा. कोजागरीला मी येईन, या आरशातून एकदा चंद्र बघेन. मग नळी-बिळी तुम्हीच ठेवा, आरसा मी बरोबर नेणार. कलई जुनी झाली आहे, पण नवी करू नका. "अंगठा तेवढा राहू दे."

दत्तोबा हे सगळं ऐकून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "पेटीला हात लावू नगंस."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या जिवावर पोट भरलं त्या हत्यारांची त्या दिवशी पूजा. कारखान्यात यंत्रं धुऊन त्यांना हार घालतात, जुन्या कामगारांनाही बोलावतात. दत्तोबा नवी टोपी घालून तिकडे गेला. इकडे छबूबाईनं घरची हत्यारं काढली. पाने, हातोडी, कानस, कोयता, विळी, सगळं घासून पाटावर मांडलं. मग तिची नजर पडवीत गेली. काल धुतलेली नळी उन्हात उभी, आणि शेजारी उघड्या पेटीत आरसा. धनी सगळ्यात जास्त जीव टाकतो ते हत्यार, आणि तेच पूजेविना ठेवायचं? तिच्या मनाला पटेना. जवळ जाऊन बघते तर आरशाच्या कडेला मळकट अंगठा. देवापुढं हे असलं?

तिनं राख घेतली.

अंगठा चटकन गेला. पण फडकं काळं झालं. छबूबाईचा आयुष्यभराचा धडा असा, की फडक्याला काळं लागतंय म्हणजे मळ निघतोय. तिनं जोर लावला. जेवढं घासावं तेवढं काळं निघत होतं, आणि तिला वाटत होतं, किती वर्षांची घाण गं बाई ही! घासता घासता काच इतकी स्वच्छ झाली, की तिच्यातून खालचं पोतं दिसायला लागलं. ती जरा थबकली. पण काचेतून पलीकडचं दिसायचंच, असं म्हणून तिनं काच पाटावर टेकवली, हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि लांब जाऊन बघितलं. छान दिसत होती.

दत्तोबा प्रसादाचं खोबरं घेऊन आला, तो पाटासमोर उभाच राहिला.

"कसं लख्ख निघालंय बगा," छबूबाई म्हणाली.

दत्तोबा खाली बसला. ओरडला नाही, भांडला नाही. हातातलं खोबरं तसंच धरून बसला. छबूबाईला तेव्हाच कळलं, की हे काहीतरी न भरून येणारं आहे. भरून येणारं असतं तर हा माणूस ओरडला असता.

"अवो, कलईच ना? परत करून आनू की. पितळंच्या भांड्याची न्हाई का करत?"

"कलई व्हईल," तो म्हणाला. मग त्यानं अंगठ्याची गोष्ट सांगितली. सांगायला दोन महिने उशीर झाला होता.

छबूबाई मोरीत गेली. ते काळं फडकं तिथं पडलं होतं. धुवावं की ठेवावं, तिला ठरवता येईना. शेवटी तिनं ते घडी घालून देवळीत ठेवलं, जसं काही त्यात तो माणूस होता.

दसऱ्याला सोनं वाटलं, पण दोघांच्या तोंडाला चव नव्हती. दुसऱ्या दिवशी दत्तोबा म्हणाला, "पुन्यात एक जन हाय वळखीचा. यंत्रात घालून कलई चढवून देतो. पुनवंच्या आत दील." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "आन कडंला मी माजा अंगठा टेकवतो. हलकं त्याल लावून. डोळं थकल्यात बाईंचं. अंगठ्यासारखा अंगठा."

खोटं नाही सांगत, छबूबाईला बरं वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी हलवल्यासारखं झालं.

त्याच दिवशी ती रेशनला गेली. रेशनच्या दुकानात आता अंगठ्याचं यंत्र आहे. अंगठा टेकवा, पटला तर धान्य. छबूबाईचा कधी धड पटत नाही. राखेनं घासून घासून रेघाच उरल्या नाहीत.

"आजी, पदरानं पुसा आन परत ठेवा," दुकानदार म्हणाला. तिनं ठेवला. "न्हाई घेत. दुसरं बोट द्या. हे यंत्र म्हणतंय तुमी छबूबाई न्हाईच."

मागच्या बाया हसल्या. एरवी तीही हसली असती, म्हणाली असती, "मग ज्येवती कोन रं माज्या घरात?" त्या दिवशी मात्र ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघतच राहिली.

घरी आली तेव्हा दत्तोबा आरसा कापसात बांधत होता.

"ऱ्हाऊ द्या ते. नगा नेऊ."

"का?"

"रेशनवाला माजाच अंगठा माजा न्हाई म्हन्तो, आन तुमी तुमचा अंगठा दुसऱ्याचा म्हनून खपवनार? ती बाई त्याला हात लावून रडंल. तुमच्या अंगठ्याला! चालंल तुमाला?"

दत्तोबाचे हात थांबले. "मग काय सांगू तिला? बायकूनं घासला म्हनून?"

"तुमी कशाला? म्या घासलाय, म्याच सांगन."

"सांग तर सांग," म्हणून तो उठून गेला. आरसा तसाच कोरा राहिला. पौर्णिमेपर्यंत घरात भांड्याला भांडं लागलं नाही, इतकी शांतता. छबूबाई रोज मनात वाक्य जुळवायची आणि रोज भाकरी थापता थापता ते मोडायचं.

कोजागरीला दिवेलागणीच्या सुमाराला गाडी आली. सलिल फोनवर बोलत गाडीतच थांबला. अरुंधतीबाई काठी टेकत अंगणात आल्या. चंद्र नुकताच शेडच्या पत्र्यांवर आला होता. चुलीवर दूध उकळत होतं. छबूबाईनं ठरवलं होतं, आधी दूध देऊ, मग सांगू. पण बाई खुर्चीवरही बसल्या नाहीत.

"आधी अंगठा दाखवा," त्या म्हणाल्या.

दत्तोबानं मान खाली घातली. छबूबाई पुढं झाली. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही.

"बाई, त्यो म्या घासला. खंडेनवमीला. राखंनं. मला म्हाईत न्हवतं." आणि तिनं घडी घातलेलं फडकं पुढं केलं.

अरुंधतीबाईंनी फडक्याकडे बघितलं, घेतलं नाही.

"घासायला दुसरं काही नव्हतं तुम्हाला?"

दूध उतू गेलं, तरी कुणी हललं नाही. बाई गाडीकडे वळल्या.

तेव्हा दत्तोबा घाईनं म्हणाला, "बाई, आरसा बसवलाय म्या. कलई न्हाई, कोरी काच हाय, पन पुनवंच्या चंद्राला तेवढी पुरती. अंगठा गेला, त्यो काय मला परत आनता येत न्हाई. पन वळन हाय. त्यांनी फिरून फिरून घासलेलं काचंचं वळन, ते कुनाला राखंनं घासून घालवता यायचं न्हाई."

बाई थांबल्या. माणसाच्या अक्षराला वळण असतं, तसं काचेलाही असतं, हे त्यांना कुणी नव्यानं सांगायला नको होतं. त्या परत फिरल्या, नळीच्या बाजूला डोळा लावला आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. काठी छबूबाईनं धरली. त्यांनी ती धरू दिली, एवढंच.

"मंद आहे," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "कलईच्या आधी त्यांनी एकदा असाच दाखवला होता. गच्चीवर. मी म्हटलं होतं, फारच फिका दिसतो, कलई करून आणा."

मग उभ्या राहिल्या तेव्हा डोळे पुसले, पण रागही गेलेला नव्हता. तोंडावरून कळत होतं.

आरसा दत्तोबानं पेटीत घालून गाडीत ठेवला. कलई करायची का, असं त्यानं विचारलं, तर बाईंनी हातानंच नको म्हटलं. छबूबाईनं पातेल्यात उरलेलं दूध वाटीत ओतलं. पातेल्याच्या लख्ख बुडात चंद्र स्वच्छ पडला होता, आणि तिला त्याची लाज वाटली.

"दूध तरी..."

"आत्ता घशाखाली उतरायचं नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. दार उघडून आत बसल्या. मग काच खाली करून म्हणाल्या, "डब्यात द्या थोडं."

छबूबाई धावत आत गेली. घरात झाकणाचा डबा सापडेना, झाकणं सगळी दुर्बिणींना लागलेली! शेवटी दत्तोबानंच एका नळीचं झाकण उपसून दिलं. डबा बाईंच्या मांडीवर, पेटीच्या शेजारी बसला. गाडी गेली.

त्यानंतर दत्तोबानं नवी दुर्बीण आणलेली नाही. विक्कीचे फोन येतात, तो "बगू" म्हणतो. रिकामी नळी पडवीत उभी आहे. एक मात्र झालं. आता तो बायकोला प्रत्येक पेटीची कथा सांगतो, कुणाची, कुठली, कशाला हात लावायचा, कशाला नाही. ती भाकऱ्या थापत असली तरी सांगतो. "पुरं करा आता, माजं पीठ वाळतंय," असं ती म्हणते, पण उठून जात नाही.

बंगळूरहून काही कळलेलं नाही. अर्जुनराव म्हणाले, "गेला म्हना तुमचा डबा." आपल्याकडं दुसऱ्याचा डबा कुणी रिकामा परत देत नाही, साखर का होईना, घालूनच देतात. आता डब्यात काय घालायचं हे बाईंना सुचलेलं नसेल, किंवा डबाच परत द्यायचा नसेल. दोन्हीत बाईंची चूक नाही, असं छबूबाई स्वतःला सांगते. मात्र दारात कुरियरवाला थांबला की पहिली उठते ती.