पेन थांबलेलं ऐकणारे सर

"हात बघू."

सरांच्या खोलीत पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी हे दोन शब्द यायचे. आपण उजवा हात पुढे करायचा. सर तो आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मधल्या बोटावर, पेन जिथं टेकतं तिथं, अंगठा फिरवायचे. तिथं घट्टा लागला तर "बस." नाही लागला तर "ह्यो नुसता मोबाईलचा हात हाय. जा, म्हैनाभर लिवून ये." सरांना जन्मापासून दिसत नव्हतं. पण समोरचा किती लिहितो हे त्यांना त्याच्या बोटावरून कळायचं, आणि माझं बोट त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केलं होतं.

सर अंध विद्यार्थ्यांसाठी एक छोटी शिक्षणसंस्था चालवायचे. कोल्हापुरात आमच्या हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, एवढाच तिचा पसारा. ज्यांना दिसत नाही त्यांना परीक्षेत लेखनिक मिळतो, हे तुम्हाला माहीत असेल. विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते लिहितो. ऐन परीक्षेच्या दिवसांत असे लेखनिक गोळा करताना सर अगदी मेटाकुटीला यायचे.

इकडं आमचं हॉस्टेलच्या पोरांचं मंडळ. आमच्याकडं चार पोरं एका जिन्यावर बसली की मंडळ होतं, तसंच तेही झालेलं. गणपती, क्रिकेट, वाढदिवसाचे फलक आणि वर्षभर पुरतील एवढी भांडणं. एका वर्षी अध्यक्षाच्या मनानं घेतलं की आता काहीतरी चांगलं काम करायचं. त्याप्रमाणे आम्ही आधी फलक छापला आणि मग सरांकडं गेलो.

"काय लिवलंय त्येच्यावर?" सरांनी विचारलं.

अध्यक्षानं वाचून दाखवलं. मंडळाचं नाव, त्याखाली आमचे नऊ जणांचे फोटो आणि नावं, पदांसकट.

"आनि आमच्या पोरांची नावं कुटं हाईत?"

अध्यक्ष फलक गुंडाळायला लागला.

"मग खाली सायकलवाल्याला द्या. दुपारचं लई ऊन येतंय त्येच्या दुकानात. आमाला फकस्त तुमचं हात पायजेत."

फलक खरंच सायकलवाल्याला दिला. पुढं कितीतरी दिवस आमचे नऊ चेहरे त्याच्या दुकानापुढं ऊन अडवत होते. पण मंडळाची आणि संस्थेची गाठ त्याच दिवशी पडली, आणि ती अजून आहे.

महिनाभर वह्या खरडून मी बोटाला घट्टा आणला आणि सरावाला बसलो. शनिवारी दुपारी सर आम्हाला तयार करायचे. लिहायला शाईचंच पेन, कारण त्याची कुरकुर त्यांना नीट ऐकू यायची. सर काहीही सांगायचे आणि आम्ही लिहायचं.

"लिवा. पंचगंगा नदी मुंबईला जाती. थितनं रेल्वेनं माघारी येती."

मला हसू फुटलं आणि माझा हात अडला. सरांची मान लगेच माझ्या बाजूला वळली.

"पेन थांबल्यालं ऐकू येतंय मला."

"सर, पण ते चूक आहे."

"असू दे की. चूक सांगनाऱ्याची हाय, तुझी न्हाय. त्येची चूक त्येला असू दे. हात दे, डोकं ठेव."

हे त्यांचं कायमचं वाक्य होतं. हात आम्हाला दे, डोकं तुझं तुझ्यापाशी ठेव.

सर शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. दिवस मावळल्यावर जेवायचे नाहीत. सराव लांबला की मधेच विचारायचे, "दिवस बुडाला का रं?" डबा तर उघडायचाच राहिलेला असायचा. आम्हाला वाईट वाटायचं. बाहेर चांगलं अंधारून आलं तरी आम्ही एका सुरात म्हणायचो, "न्हाई सर, अजून हाय उजेड." सर हसून डबा बाजूला सारायचे. "चिमण्या कवाच गप झाल्यात. माया करा, पर खोटं बोलून नको," म्हणायचे.

मी हे ऐकलं, हसलो आणि विसरलो.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा मला पहिली परीक्षा मिळाली. हुपरीची रेश्मा, बी.ए.चं दुसरं वर्ष. तिच्या घरी सगळे चांदीच्या पैंजणांचं काम करणारे. दिसत नसलं तरी रेश्माची बोटं कड्या जोडण्यात तरबेज होती, म्हणून तिनं घरीच बसून काम करावं असं घरच्यांना वाटायचं. ती मात्र रोज एसटीनं कॉलेजला यायची.

राज्यशास्त्राचा पेपर. ती भराभर सांगत होती, मी लिहीत होतो. एका उत्तरात ती म्हणाली की राज्यसभा विसर्जित करता येते. विसर्जित होते ती लोकसभा, एवढं मलाही ठाऊक होतं. घाईत हिची जीभ घसरली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि लोकसभा लिहिलं. एकदा हात सैल सुटल्यावर पुढं आणखी दोन ठिकाणी तिची वाक्यं मी माझ्या मनानं नीट केली. वर्गाबाहेर पडताना मला फार छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

त्याच उत्साहात मी सरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. सरांनी एवढंच विचारलं.

"तिला सांगिटलंस?"

"नाही."

"मग उद्या हुपरीची गाडी धरू."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. रेश्माच्या घरी सोप्यात बसलो. तिच्या हातातलं पैंजण अर्धं झालेलं होतं. मी अडखळत सांगितलं आणि तिनं ते खाली ठेवलं.

"दादा, आमच्या गल्लीत सगळी म्हनत्यात, हिला लिवनाराच पास करतोय. आजवर मी भांडत आले त्येंच्याशी. आता कुठल्या तोंडानं भांडू?"

मी चुकलो म्हणालो. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सर तिला म्हणाले, "अक्का, कॉलेजात कळवलं तर पेपर रद्द हुईल. न्हाई कळवलं तर कुनाला पत्ता लागनार न्हाय. पेपर तुझा हाय. तू सांग."

"रद्द हू दे," रेश्मा म्हणाली.

अर्ज तिनं सांगितला, मी लिहिला. त्या अर्जात मी एक अक्षरही माझं घातलं नाही. पेपर रद्द झाला. सहा महिन्यांनी तिनं तो पुन्हा दिला, दुसऱ्या लेखनिकाकडून, आणि चांगली पास झाली. ते सहा महिने मी तिला समोरून येताना पाहिलं की रस्ता बदलायचो. तिला दिसत नाही हे ठाऊक असूनसुद्धा.

सरांनी लेखनिकांच्या यादीतून माझं नाव काढलं. मंडळाला मात्र त्यांनी कारण सांगितलं नाही. "ह्येचा आवाज बरा हाय, वाचायला ठेवतो," एवढंच अध्यक्षाला म्हणाले. मग हॉस्टेल सोडेपर्यंत मी त्यांच्या पोरांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करत होतो. एखादा शब्द पदरचा गेला की माझा बदललेला सूर ओळखून शेजारून सरांचा आवाज यायचा, "ह्ये पुस्तकात न्हाय." मंडळातली पोरं मला वाचनालय म्हणून चिडवायची. त्यांना कधीच काही कळलं नाही, आणि सांगायची मलाही हिंमत झाली नाही.

पुढं मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासणीच्या कामाला लागलो. सरांकडं जाणं कमी कमी होत गेलं. संस्थेचं काम रेश्मा बघू लागली होती. एक दिवस तिचाच फोन आला. "सर आजारी हाईत. मंडळाला पत्र लिवायचं म्हनत्यात. तुमालाच बोलवलंय."

लिहायला हाताशी कितीतरी पोरं होती. मलाच का, ते मला कळेना.

सर पलंगावर पडून होते. "हात बघू." त्यांचा अंगठा माझ्या बोटावरून फिरला. "घट्टा गेला की रं."

"कॉम्प्युटरवर काम असतं सर."

"व्हय. सगळ्यांचंच." त्यांनी उशाखालून शाईचं पेन काढून दिलं.

दम खात, थांबत थांबत ते सांगू लागले. पत्र म्हणून पुस्तकी मराठीत. मंडळाचे आभार, सायकलवाल्याच्या फलकाची आठवण, नव्या पोरांना चार सूचना. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत तुमच्या मंडळाच्या एकाही मुलाने आमच्या मुलांचे उत्तर बदलले नाही."

'एकाही मुलाने' इथपर्यंत लिहून माझं पेन थांबलं.

सरांची मान वळली. "का थांबलास?"

"सर, हे चूक आहे."

"असू दे. सांगनारा मी हाय."

"पण सर, रेश्मा..."

"अक्काला इचारलंय. तिनंच घाला म्हनून सांगिटलंय. हात दे, डोकं ठेव."

मी लिहिलं. मी रडत होतो. ते त्यांना ऐकू आलं असणारच, पण त्याबद्दल काही न बोलता त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं.

सर गेले. पत्र हॉस्टेलात मंडळाच्या खोलीत चौकट करून लावलंय. आता पोरं वाढलीत, म्हणून लेखनिकांचा सराव त्याच खोलीत होतो आणि तो रेश्मा घेते. गेल्या शनिवारी मी सहज गेलो होतो. नवा अध्यक्ष म्हणाला, "काका, हे पत्र टाइप करून लावू का? एका ओळीत शाईचा डाग पडलाय बघा."

'एकाही मुलाने' याच्या पुढं एक जाड ठिपका आहे.

"राहू दे," मी म्हणालो. "तिथं माझं पेन थांबलं होतं."

"का?"

रेश्मा तिथंच होती. "सांगा की दादा आता," ती म्हणाली.

मी पोरांना खाली बसवलं आणि सांगायला लागलो. सांगताना मी दोनदा थांबलो. दोन्ही वेळा रेश्माची मान सरांसारखीच माझ्या बाजूला वळली.