चौकीतलं भोक

ठाण्याच्या कचेरीतले आम्ही सहा कारकून गळाचे वेडे. आम्ही एक मंडळी स्थापली होती आणि तिला खाडीवर हक्काची जागा हवी होती. कोपरच्या बाजूला खांबांवर उभी असलेली मिठागराची एक ओसाड चौकी मालकाने आम्हाला देऊन टाकली. दर रविवारी भरतीबरोबर आम्ही होडीने तिथे जायचो, छप्पर शाकारायचो, कुडाला चुना लावायचो. जाताना निम्मे जण पेंगायचे आणि काठ आपोआप मागे सरकत राहायचा.

चौकीच्या लाकडी जमिनीत हातभर भोक होतं. "हे आधी बुजवा! कुणाचा तरी पाय जाईल," असं मीच ओरडलो आणि सागाची फळी ठोकून घेतली.

घरभरणीला चौकीचा जुना राखणदार आला, एक आगरी म्हातारा. फळीकडे बघत, गळ सोडल्यासारखा हात खाली नेत म्हणाला, "अवं, मी त खाटेवर परून याच भोकातनं गल सोरायचो!"

पहार मीच आणली आणि फळी उचकटली.

मग आम्ही सहाही जण भोकाभोवती पालथे पडलो. घराखालून भरती हिरवीगार चालली होती आणि तिच्यात मासे. गळ बाहेर होडीतच राहिले होते. ते आणायला कुणीही उठलं नाही.