कानशीच्या दोन रेघा

माझे बाबा गाड्या दुरुस्त करतात आणि कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं, "ब्रेकच लागला नाही हो," की मान डोलावतात आणि ते गेल्यावर पुटपुटतात, "फोनवर बोलत असणार." आईने चहात साखर घातली म्हटलं तरी आधी ढवळून बघतात.

मला पाचवा महिना होता. चार दिवस माहेरी राहून मी घाटातून परत निघणार, म्हणून बाबांनी सकाळभर नवऱ्याची गाडी तपासली. चाकं, तेल, ब्रेक झाले. मग माझ्या सीटशी वाकले ते वर येईनात.

"जावईबापू, जरा इकडे या."

सीटबेल्टच्या बकलात बेल्टऐवजी नुसती त्याची लोखंडी जीभ खोचलेली होती. ती असली की बेल्ट न लावताही गाडी कोकलत नाही. आमच्याकडे चालवणाऱ्याशेजारी बसून बेल्ट लावणं म्हणजे 'तुमचा भरवसा नाही' असं तोंडावर सांगणं. मीही कधी लावला नव्हता.

"कुठून आणलीत ही?"

"बाजारातून."

"कुठल्या दुकानातून?"

नवरा स्वतःचे बूट बघत राहिला. पाणी कुठेतरी मुरतंय हे ओळखून बाबांचे डोळे बारीक झाले. मला रागच आला.

"बाबा, उलटून बघा ना ती!"

मागे कानशीने मारलेल्या दोन रेघा होत्या. हातच्या प्रत्येक कामावर बाबा ही खूण करतात. 'पाहुणे बसले की गाडी बोंबलते, लाज वाटते,' अशी गिऱ्हाइकं तक्रार करत, तेव्हा भंगारातल्या बेल्टच्या जिभा कापून ते फुकट द्यायचे. जावयालाही लग्नानंतर लगेच, माझ्यादेखत दिली होती आणि साफ विसरले होते. सासऱ्याला तोंडघशी पाडायला नको म्हणून तो बिचारा खोटं बोलला.

बाबा माझ्या पोटाकडे बघत राहिले. जीभ काढल्यावर गाडी कोकलायला लागली.

"बांध. पोटाच्या खालून घे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. "बांध ना," तो म्हणाला. बाबांनी पट्टा दोनदा ओढून बघितला.

दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरवरून घरोघर जिभा परत मागत फिरले. लोक त्यांच्याकडेच संशयाने बघायचे. दिलेली वस्तू परत मागतोय, म्हणजे काहीतरी भानगड असणार! किती दिल्या होत्या हे त्यांनाही आठवत नाही. नऊ परत मिळाल्या.

हल्ली ठोकलेली गाडी ओढून आणली की बाबा आधी ब्रेक बघत नाहीत. शेजारच्या सीटच्या बकलात हात घालतात आणि रेघा चाचपतात.